हौसामावशींची मऊ बांधणी

खारघरच्या एका नर्सिंग कॉलेजने करावे गावच्या हौसा म्हात्रे यांना फसवलं. पैशात नाही. पैसे ठरले तेवढे आणि ठरले तेव्हा आले. हौसामावशींनी हातही न लावलेली सातशे पुस्तकं त्यांच्या नावाने वाटली गेली. त्यांची पानं सुटली, आणि दोष मावशींच्या नावाला लागला. कॉलेजच्या वतीने हे करणाऱ्या खरेदी अधिकाऱ्याचं नाव वर्तक. मधला माणूस मी.

तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात माझा छापखाना आहे. एका मशीनवर हेल्पर म्हणून लागलो होतो, आता स्वतःची तीन मशीनं आहेत. भाव पाडण्यात माझा हात धरणारा या भागात कुणी नाही असं कागदवाले म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. मावशींकडे मी गेलो तो भाव पाडायलाच.

झालं असं की नेरूळच्या एका केटरिंग क्लासला पाककृतींचं पुस्तक हवं होतं. क्लासच्या मॅडमची अट एकच होती: ओट्यावर उघडून ठेवलं की ते उघडं राहिलं पाहिजे. मी पेपरबॅक करून दाखवलं. त्यांनी ते उघडून ठेवलं, हात पिठात घातले, आणि पुस्तक आपलं आपण मिटलं. पुठ्ठ्याचं करून दाखवलं. ते उघडं राहिलं, पण अर्धा ओटा त्यानेच अडवला, आणि पाणी लागून त्याचे कोपरे आठवड्यात फुगले. माझ्याकडे कटिंगला असलेला माणूस करावेचा. तो म्हणाला, "आमच्या गावात हौसामावशी हायेत. त्या तिसऱ्याच पद्धतीचं बांधतात. विचारून बघा."

मी गेलो तो बुधवार होता. ओटीवर जाळ्यांचा ढीग, त्याच्या पलीकडे साठीच्या पुढची एक काटक बाई कोलंबी सोलत बसलेली. मी कामाचं सांगायला तोंड उघडलं.

"आज मच्छी हाय," त्या म्हणाल्या. "उद्या ये."

"मावशी, मी तुर्भ्याहून आलोय."

"मंग तुर्भ्याला जा."

मी गुरुवारी परत गेलो.

त्यांच्या आठवड्याचा हिशोब नंतर कळला. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मच्छीचे वार. नणंदेबरोबर त्या नेरूळच्या बाजारात बसायच्या. सोमवार, गुरुवार, शनिवार निम्मी नवी मुंबई मासे खात नाही, म्हणून ते पुस्तकांचे वार. मंगळवार महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाण्याचा आणि भांडणांचा. हे वार त्यांनी कुणासाठी बदलले नाहीत. बुधवारी संध्याकाळी त्या लिंबू आणि बेसन लावून हात धुवायच्या, गुरुवारी सकाळी पुन्हा धुवायच्या, मग हात स्वतःच्या नाकाशी न्यायच्या आणि समोर कुणी असेल तर त्याच्याही. त्या पहिल्याच गुरुवारी त्यांनी माझ्या नाकासमोर दोन्ही पंजे धरले.

"येतंय वास?"

"नाही."

"खरा सांग."

"नाही हो, मावशी."

"मंग दे कागद."

त्या काय करायच्या ते एकदा सांगतो. पेपरबॅकमध्ये पानांच्या घड्या मागून कापून टाकतात आणि सुट्या पानांना गोंदाने चिकटवतात. स्वस्त पडतं, झटपट होतं. पुठ्ठ्याच्या पुस्तकात घड्या शिवतात, पण वर जाड पुठ्ठा चढवतात. मावशी शिवायच्या, आणि पुठ्ठा चढवायच्या नाहीत. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. स्वयंपाकघरातलं एक स्टूल त्या उलटं करून ठेवायच्या, त्याच्या पायांमध्ये तीन सुती फिती ताणायच्या, आणि एकेक फर्मा घडीतून टाके घालत त्या फितींवर शिवत जायच्या. पाठीला पातळ खळ, तीही बोटाने. वरून दाट विणीचं सुती कापड, आतून कागदाचं अस्तर दिलेलं. कापडावर मेण घासायच्या, म्हणजे ओल्या फडक्याने पुसता यावं. झालेलं पुस्तक हातात वाकायचं, खिशात मावायचं, आणि टेबलावर उघडलं की कुठल्याही पानाला सपाट पडून राहायचं. जुन्या छापखान्यांत याला वेगळं इंग्रजी नाव होतं. मावशी मऊ बांधणी म्हणायच्या.

"पेपरबॅक म्हंजे पावना," त्यांनी मला त्याच दिवशी समजावलं. "दोन दिस गोड. पुठ्ठ्याचा पुस्तक म्हंजे सासरा. ऐटीत उभा, पन वाकायचा नाय."

"आणि तुमचं?"

"माजा पुस्तक म्हंजे मी," त्या म्हणाल्या. "वाकतंय, पन सुटत नाय."

त्यांच्याशी भाव करणं हा माझ्या आयुष्यातला सर्वांत त्रासदायक अनुभव होता. फर्मा शिवत असताना त्या बोलत नसत. टाके मोजत असत की तशी सवयच लागली होती, मला माहीत नाही. प्रश्न विचारायचा आणि दोरा त्या फर्म्यातून बाहेर पडून गाठ बसेपर्यंत थांबायचं. मग एक शब्द मिळे.

"मावशी, तीन फितींऐवजी दोनवर नाही भागणार?"

सुई आत गेली, बाहेर आली, आत गेली, बाहेर आली. मी घाम पुसला. गाठ बसली.

"नाय."

"का नाही?"

दुसरा फर्मा. बाहेर कुणाचा तरी टेम्पो गल्लीत अडकला, शिव्या झाल्या, टेम्पो निघाला. गाठ बसली.

"मधी फुगतंय."

"जरा फुगलं तर कुणाला दिसणार आहे?"

तिसरा फर्मा.

"मना."

माझा पारा चढला. मी उभा राहून ओरडलो, "अहो, मी गिऱ्हाईक आहे! जरा वर बघून बोला की!"

त्यांनी हातातला फर्मा पुरा केला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि मग वर पाहिलं. "गिऱ्हाईक हायस तर बस. वरडायला काय, कावले पन वरडतान."

मी बसलो. तीन फितीच राहिल्या. पुढच्या सहा वर्षांत मी त्यांच्याकडून एकदाही काही कमी करून घेऊ शकलो नाही. हा अपमान मी कुणाला सांगितलेला नाही.

केटरिंगच्या मॅडम नमुना बघायला स्वतः आल्या. मावशींनी पुस्तक हातात घेतलं, मागे उलटं वळवून दोन्ही कव्हरं एकमेकांना टेकवली. मॅडमनी डोळे मिटले. मग मावशींनी त्याची पोळीसारखी गुंडाळी केली. मग ते खाली ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"अहो, काय करताय!" मॅडम किंचाळल्या.

"घाबरवून बगतंय," मावशी बसल्या बसल्या म्हणाल्या. "पुस्तक एकदा घाबरवून बगायचा. मंग तुमच्या पोरी काय पन करू देत."

दोन मिनिटांनी त्या उठल्या, पुस्तक मधोमध उघडून जमिनीवर ठेवलं. ते पडून राहिलं. मॅडमनी वाकून पाहिलं, पान उलटलं, तेही पडून राहिलं.  पुढच्या वर्षी त्यांनी पेपरबॅकचा विषयसुद्धा काढला नाही.

कागद स्वीकारण्याचीही त्यांची रीत होती. कागदाला एक कल असतो. एका बाजूने तो सहज वळतो, दुसऱ्या बाजूने आखडतो. वळण पुस्तकाच्या पाठीला समांतर असलं तर पान सपाट पडतं, आडवं असलं तर ताठ उभं राहतं आणि पाठीवर जोर देतं. हे प्रत्येक छापखानेवाल्याला माहीत असतं आणि स्वस्त पडणार असेल तर तो ते विसरतो. मी एकदा विसरलो. मावशींनी गठ्ठ्यातला एक कागद काढला, दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला आणि अख्खा गठ्ठा माझ्या रिक्षात परत टाकला.

"आरवा हाय."

"मावशी, एवढ्यात काय होतंय?"

"तुज्या लग्नात तुजी बायको आरवी बसली असती तर?"

मी तो कागद पावतीपुस्तकांना वापरला.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण पुढचं समजायला तो लागतो. नेरूळच्या एका सोसायटीत बायकांचं वाचनमंडळ आहे. त्यांना मांडीवर सपाट राहील अशी पोथी हवी होती. मंडळाच्या अध्यक्ष बाई माझ्याबरोबर करावेला आल्या, ओटीवरची जाळी पाहिली आणि दारातच थबकल्या.

"इथे मासे... म्हणजे, ज्या हाताने..."

मी चटकन म्हणालो, "छे छे, पुस्तकांचं काम वेगळ्या खोलीत होतं. या काही मासे वगैरे—"

मावशींनी फर्मा संपवला. "ह्याच हातानं," त्या म्हणाल्या. "काल बोंबील साफ केले. बग, वास येतंय का." आणि पंजे पुढे केले.

अध्यक्ष बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी जाळ्यांकडे बघू लागलो. शेवटी त्यांनी वाकून वास घेतला. काय वाटलं कुणास ठाऊक, पण काम दिलं. निघताना मी हळूच गुरगुरलो की मावशी, धंदा घालवला असता तुम्ही. पुढच्या खेपेला त्यांनी उत्तर दिलं. "खोटा बोलून पुस्तक दिला, तर ता पुस्तक खोटा झाला ना रं."

तरुणपणी त्या मुंबईत एका मोठ्या छापखान्याच्या बांधणी खात्यात होत्या. त्याबद्दल फार बोलत नसत. घड्या घालणं आणि शिवणं बायकांकडे, कव्हर चढवणं आणि सोनेरी अक्षरं उठवणं पुरुषांकडे. एक म्हातारा फोरमन डॉक्टरांच्या खिशातल्या वह्या आणि बोटींवरची नोंदपुस्तकं या मऊ पद्धतीने बांधायचा. त्याच्याकडून त्या शिकल्या. छापखाना बंद पडला तेव्हा घडी दाबायची हाडाची पट्टी घेऊन घरी आल्या. "बारा बायका होतो आमी," एकदा म्हणाल्या. "घडी आमची, शिलाई आमची. पुस्तकावर नाव मालकाचा, छापनाऱ्याचा, चित्र काडनाऱ्याचा. आमचा नाय." तक्रार नव्हती. हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगितलं.

हे माझ्या डोक्यात राहिलं, आणि तिथूनच सगळा घोटाळा झाला.

खारघरच्या कॉलेजला नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी वॉर्डात वापरायचं पुस्तक करायचं होतं. औषधांची मापं, सलाईनचे थेंब, ड्रेसिंगच्या पायऱ्या, असं सगळं. एप्रनच्या खिशात मावलं पाहिजे, ट्रॉलीवर उघडं राहिलं पाहिजे, डाग पुसता आला पाहिजे. मी वर्तकांना मावशींचा नमुना दाखवला. वर्तक हा हसतमुख, स्वच्छ, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी नमुना शर्टाच्या खिशात घातला, काढला, टेबलावर उघडून ठेवला, पंखा पाचवर केला.

"पान हलत नाही हो!" ते म्हणाले. "साधं पुस्तक असतं तर कधीच मिटलं असतं."

हे वाक्य लक्षात ठेवावं. फरक त्यांना माहीत होता.

काम ठरलं. एक हजार प्रती. छपाई एकदम, बांधणी टप्प्याटप्प्याने, कारण मावशींचे दोन हात आणि आठवड्याचे तीन वार. पहिल्या टप्प्यात तीनशे, उरलेल्या सातशे लागतील तशा, सगळ्या वर्षांच्या मुलींसाठी. सगळ्या प्रती मावशींनीच बांधायच्या.

मी करावेला जाऊन मावशींना म्हणालो, "या पुस्तकावर तुमचं नाव टाकतो."

तीन फर्मे गेले.

"कनाला?"

"छापणाऱ्याचं असतं. लिहिणाऱ्याचं असतं. तुमचं का नको? 'बांधणी: हौसा म्हात्रे, करावे.' एवढंच."

आणखी दोन फर्मे. मग त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली.

"टाक. पन ऐक. माज्या हातानं शिवला नाय असा एक पन पुस्तक त्या नावानं जायाचा नाय. गेला तर मी तुना इचारीन."

"शब्द दिला, मावशी."

प्रूफ आणलं तेव्हा त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, एकदा, आणि पुन्हा एकदा. म्हणाल्या, अक्षर बारीक कर, लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंपेक्षा मोठं नको. मी बारीक केलं. त्या खूश झाल्या की नाही ते कळलं नाही. पण त्या दिवशी माझ्यापुढे चहाबरोबर तळलेली मांदेली आली. गुरुवार असून.

तीनशे प्रती पाच महिन्यांत झाल्या. मी नंतर त्या मुलींच्या एप्रनच्या खिशात पाहिल्या, वाकलेल्या, मळलेल्या, एकही पान न हललेल्या.

आता माझी चूक. उरलेले सातशे संच, म्हणजे छापलेले पण न बांधलेले फर्मे, माझ्या गोदामात सपाट पडून होते. पावसाळ्यात गोदामाचा एक पत्रा गळायला लागला. वर्तक म्हणाले, "आमच्या स्टोअरला पाठवून द्या ना, कोरडं आहे. मावशींना लागतील तसे आम्हीच पाठवू." मी टेम्पो भरून पाठवून दिले. त्यात मावशींच्या नावाचं पान होतं. कुठलाही छापखानेवाला हेच करतो. नावाचं पान सुटं नसतं, ते शेवटच्या फर्म्याच्या मोठ्या कागदावर इतर पंधरा पानांबरोबर छापलेलं असतं. ते वेगळं काढून ठेवावं असं आमच्या धंद्यात कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नाही. नाव आधी छापलं होतं आणि बांधणी व्हायची होती. छापून झालं की आम्ही काम झालं असंच समजतो.

मावशींनी कॉलेजकडे पुढचे संच मागितले की उत्तर यायचं, सध्या गरज नाही, मावशी. मावशी मला विचारायच्या, मी म्हणायचो, थांबा, घाई काय आहे. मला दुसरी कामं होती.

दीड वर्षाने एका सोमवारी मी करावेला बसलो होतो. प्राची आली. ही शेजारच्या गल्लीतली मुलगी, त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. अंगावर एप्रन, हातात रबरबँड लावलेला पानांचा गठ्ठा.

"आजी, ह्या तुजा ना पुस्तक? सगला सुटला."

मावशी फर्मा शिवत होत्या. सुई अर्ध्यात होती. ती तिथेच थांबली. सहा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना फर्म्याच्या मध्ये थांबलेलं पाहिलं.

"कवा सुटला?"

"ड्युटीवर. सलाईनचा पान ट्रॉलीखाली गेला, पेशंटच्या भावानं उचलून दिला. सिस्टर सगल्यांसमोर बोलली मना, नीट वापरता येत नाय का म्हनून." प्राचीने शेवटचं पान काढून दाखवलं. "माजा एकटीचा नाय, सगल्या वर्गाचा सुटलाय. पोरी ह्या नाव दाखवतान आनि बोलतान, करावेवाल्यांचा माल असाच. मी करावेची, मना किती बोलतान माहितेय? आजी, तू असा कसा शिवलास?"

मावशींनी गठ्ठा घेतला. पाठीवरून अंगठा फिरवला. घड्या कापलेल्या होत्या, त्या जागी वाळलेला, तडकलेला गोंद. वर मऊ, चकचकीत कव्हर, लांबून अगदी आमच्यासारखं.

"ह्यात दोरा नाय," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडे पाहिलं. विचारीन म्हणाल्या होत्या, पण विचारलं नाही. मला ते विचारण्यापेक्षा वाईट गेलं.

तसाच उठून मी खारघरला गेलो. वर्तकांनी चहा मागवला.

"एवढं काय मनावर घेताय?" ते म्हणाले. "मावशींचा स्पीड बघा आणि आमची अ‍ॅडमिशन्स बघा. बाहेरून बाइंडिंग करून घेतलं, पण लुक सेम ठेवलाय आम्ही."

"नाव का ठेवलंत?"

"नाव तुम्हीच छापलंय, शेठ. आम्ही कुठे छापलं?"

"खोडता आलं असतं. एक फोन करता आला असता."

"अहो, उलट मावशींचं प्रमोशनच झालं ना, फुकटात! सातशे मुलींच्या हातात नाव गेलं."

मी टेबलावर हात आपटला, चहा त्यांच्या फाइलवर सांडला, मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सिक्युरिटीने मला गेटपर्यंत सोडलं. वर्तक शेवटपर्यंत हसतमुख होते. एकदाही त्यांनी आवाज चढवला नाही.

मी वकील गाठला. मावशींना सांगितलं, नोटीस पाठवतो, यांना रस्त्यावर आणतो.

"नोटीस काय करंल?" त्या म्हणाल्या. "नाव तितंच ऱ्हाईल ना."

"मग काय करायचं?"

त्यांनी बोटाने माप दाखवलं. "एवऱ्या पट्ट्या काप. त्याच कागदाच्या. सातशे."

मी तुर्भ्याला जाऊन त्याच गठ्ठ्यातल्या उरलेल्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. मावशी त्या आणि वाटीभर खळ घेऊन खारघरला गेल्या. प्राचीने वर्गात सांगून ठेवलं होतं. तळमजल्यावर लायब्ररीबाहेर एक बाक आहे, तिथे त्या बसल्या. मुली आपापली पुस्तकं घेऊन यायच्या. मावशी प्रत्येक पुस्तक मधोमध उघडायच्या. घडीत दोरा दिसला तर मिटून परत द्यायच्या. दोरा नसला तर शेवटचं पान काढायच्या, स्वतःच्या नावावर पट्टी चिकटवायच्या आणि अंगठ्याने दाबायच्या. ज्यांची पानं सुटली होती त्यांची त्या कडेने टोचून शिवून द्यायच्या. त्या आधीच सांगायच्या की आता हे सपाट उघडणार नाही, पण पान जाणार नाही. अशा शिवून दिलेल्या पुस्तकावरसुद्धा पट्टी लावायच्या.

एका मुलीने विचारलं, "आजी, आता तर तुम्हीच शिवलंय, मग नाव का झाकता?"

"ह्या मी बांधला नाय," मावशी म्हणाल्या. "ह्याचा दवापानी केला."

पोरी हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्या पुढचं पुस्तक मागत होत्या.

वर्तक तिथून दोनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. दुसऱ्यांदा कुणाला तरी पाठवून निरोप दिला की कॉरिडॉरमध्ये खळ सांडते, बाहेर बसा. मावशी बाहेर, गेटच्या आतल्या झाडाखाली बसल्या. असं त्या आठ वेळा गेल्या. दोनशे वीसच्या आसपास पुस्तकं झाली असतील. बाकीच्या मुली तोवर पास होऊन निघून गेल्या होत्या, कुणी पुण्याला, कुणी नाशिकला, कुणी केरळला, पुस्तकं बरोबर घेऊन.

तीन महिन्यांनी मावशी गेल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण वेगळंच होतं, या सगळ्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि मी तो उगाच जोडत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या झाडाखाली. मी गाडीत होतो, न्यायला आलो होतो. त्यांच्यासमोर एकच मुलगी उभी होती आणि तिला बसची घाई होती. "आजी, उद्या देते ना," ती म्हणत होती. मावशींनी तिचा हात धरून ठेवला होता. दुसऱ्या हाताने वाटीतली उरलीसुरली खळ निपटली, पट्टी लावली, अंगठ्याने दाबली, पदराने कडा पुसल्या. मग पुस्तक उजेडाकडे धरलं, पट्टीखालून अक्षरं दिसतात का ते पाहिलं. दिसत असावीत. त्यांनी वर आणखी एक पट्टी लावली, आणि मगच हात सोडला.

जवळजवळ पाचशे पुस्तकं अजून बाहेर आहेत. कुठल्या तरी वॉर्डात आज एखादं पान पडत असेल आणि कुणीतरी शेवटच्या पानावरचं नाव वाचून नाक मुरडत असेल.

मी सुटे संच पाठवले आणि दिलेला शब्द पाळला नाही. माझ्या बाजूचा जाब हा इथे लिहून दिला. आता वर्तक, तुमचा द्या, तोंडी नको, कॉलेजच्या कागदावर, सहीनिशी. ती सातशे पुस्तकं हौसा म्हात्रे यांनी बांधलेली नव्हती एवढं एकच वाक्य लिहा, आणि पास होऊन गेलेल्या प्रत्येक मुलीला पाठवा. पत्ते तुमच्याकडे आहेत. पंख्याखाली पान हलत नाही हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी ते नाव तुम्ही का राहू दिलंत?